हानियाला सुट्टीवर जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हानियाला मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मे महिन्याच्या शेवटी, नवरा आणि मुलीबरोबर. दुसऱ्यांदा सप्टेंबरात, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाईंना घेऊन. तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले आणि लंडनला राहणारे चुलतभाऊ तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरे एकदाच लिहून ठेवलेली बरी.

नाव नक्की काय? चानिया, खानिया की हानिया?

इंग्रजी नकाशावर 'च'ने सुरू होणारे स्पेलिंग दिसते, म्हणून आपण 'चानिया' म्हणतो. तिथे कोणी तसे म्हणत नाही. ग्रीक उच्चार 'ह' आणि 'ख' यांच्या मधला, घशातून येणारा आहे आणि जोर शेवटच्या अक्षरावर पडतो, म्हणजे साधारण 'हान्या'. मी हानिया लिहिते. बसच्या खिडकीवर 'चानिया' म्हणालात तरी तिकीट मिळते, फक्त विकणारा हसतो.

ग्रीस म्हटले की सँटोरिनी. मग हे गाव कशाला?

सँटोरिनी पाहायला जायचे ठिकाण आहे. हानियात राहता येते. इथे लोक बारा महिने राहतात, शाळा-कॉलेज आहे, भाजीबाजार भरतो, म्हातारे कट्ट्यावर बसून गप्पा मारतात. जुन्या गावाच्या तटाबाहेर पाऊल टाकले की साधे कामकाजी शहर लागते. १९७१पर्यंत क्रीटची राजधानी इथेच होती, नंतर ती हेराक्लिओनला गेली. ती गेल्यामुळेच जुने बंदर वाचले असावे, असा माझा आपला अंदाज.

आणि समुद्र? बंदरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक किनारा आहे, दीड तासाच्या ड्राइव्हवर तर जगभर फोटो फिरणारे दोन. 'इतिहास की बीच' असे भांडण घरात लागले असेल तर ते इथे मिटते.

व्हिसाचे काय?

ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा लागतोच, मग तुम्ही लंडनला राहत असा की न्यू जर्सीला. चुलतभावाचा गैरसमज होता की ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असला की चालते. चालत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळणे हीच खरी अडचण असते, म्हणून लवकर सुरुवात करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क २०२४च्या जूनपासून ९० युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पुढचे विमान पकडायचे असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

पोहोचायचे कसे?

अथेन्सला उतरायचे आणि तिथून हानियाचे विमान घ्यायचे. हवेत पाऊण-एक तास. विमानतळ आक्रोतिरी नावाच्या द्वीपकल्पावर आहे, गावापासून साधारण १४ किलोमीटर. बस आहे, टॅक्सीही आहे.

दुसरा मार्ग बोटीचा. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री मोठी बोट सुटते आणि सकाळी सूदा बंदरात लागते. सूदा हानियापासून सहा-सात किलोमीटरवर. आम्ही परतताना हाच मार्ग घेतला. केबिन घेतली होती, तरी सासूबाई पहाटे चारपासून डेकवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जायच्या, त्याची आठवण झाली म्हणाल्या. झोपेची हौस असेल तर मात्र विमानच बरे.

कोणत्या महिन्यात जावे?

मेचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. मेमध्ये डोंगर हिरवे असतात आणि गावामागच्या लेफ्का ओरी, म्हणजे पांढऱ्या डोंगररांगेवर, अजून बर्फाचे पट्टे दिसतात. त्यातले सर्वांत उंच शिखर, पाखनेस, २,४५३ मीटर आहे. पाणी मात्र मेमध्ये गार, १९-२० अंश. मुलगी किंचाळत आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. सप्टेंबरात तेच पाणी २५ अंशांच्या आसपास.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन तर असतेच, शिवाय १५ ऑगस्टला मदर मेरीचा मोठा सण असतो आणि अर्धे अथेन्स बेटांवर उतरते. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाण्याची जी गत, तीच. हिवाळ्यात गाव सुंदर असते, पण पाऊस पडतो आणि लांबच्या किनाऱ्यांवरची हॉटेले बंद असतात.

किती दिवस?

किमान पाच रात्री. पाचांपैकी दोन दिवस काहीही ठरवू नका.

जुन्या गावात राहावे की समुद्रकिनारी?

जुन्या गावात, एकदा तरी. व्हेनिसकालीन घरांतल्या खोल्यांना लाकडी तुळया आणि उंच छत असते, खाली फरसबंद गल्ली. पण बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी विचारा. खोलीपर्यंत जिने किती? ही घरे अरुंद आणि उभी, लिफ्ट क्वचितच. गाडी किती जवळ येते? गल्ल्यांत वाहने शिरत नाहीत, म्हणजे बॅगा दगडांवरून खडखडत ओढायच्या. आणि खाली बार आहे का? असेल तर पहाटे दोनपर्यंत झोपेला विसरा.

गुडघे दुखत असतील तर पश्चिमेची नेआ होरा ही वस्ती चांगली: सपाट, समुद्राला लागून, मासळीची हॉटेले, आणि बंदर चालत. सासूबाईंबरोबर आम्ही तिथेच राहिलो. हॉटेलात प्रति रात्र एक सरकारी कर वेगळा भरावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो. काउंटरवर वाद घालू नका, तो खरा असतो.

गावात बघण्यासारखे काय आहे?

इथे मी थोडे लांबण लावणार.

बंदर व्हेनिसच्या लोकांनी बांधले. १२०४च्या चौथ्या क्रूसेडनंतर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धानंतर, क्रीट व्हेनिसकडे आले आणि १६४५मध्ये हे गाव ऑटोमन तुर्कांनी घेतले. बंदराच्या काठावरची घुमटांची गुलबट मशीद त्यानंतरची. समोर धक्क्याच्या टोकाला दीपगृह. मूळ व्हेनिसचे, पण आजचा मनोऱ्यासारखा आकार १८३०च्या दशकातला, बेट इजिप्तच्या ताब्यात असतानाचा. म्हणजे एका बाकावर बसून व्हेनिस, इस्तंबूल आणि इजिप्त तिन्ही दिसतात. दीपगृहाच्या आत जाता येत नाही, पण लाटा अडवणाऱ्या धक्क्यावरून त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जा. संध्याकाळी सहानंतर. दुपारी गेलात तर सावली शोधत परत याल.

पश्चिमेला फिरकास किल्ला. १ डिसेंबर १९१३ला इथे ग्रीसचा झेंडा चढला आणि क्रीट ग्रीसमध्ये विलीन झाले. त्या विलीनीकरणाचा नेता एलेफ्थेरियोस वेनिझेलोस याच परिसरातला, जवळच्या मुर्निएस गावात जन्मलेला.

पूर्वेकडच्या कास्तेली टेकडीवर चाला. तिथे रस्त्याकडेला कुंपणात खणलेले खड्डे दिसतात. बहुतेक पर्यटक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते क्रीटवरच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीच्या काळातले किदोनिया, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हानिया. तिथे सापडलेल्या लिपी कोरलेल्या मातीच्या पाट्या आणि मुद्रा आता हालेपा भागातल्या नव्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते २०२२मध्ये उघडले. आधी तिथे जा, मग खड्डे पाहा. उलटे केले तर ते खड्डेच राहतात.

माझी आवडती जागा स्प्लान्झिया चौक. तिथल्या सेंट निकोलसच्या चर्चला एका बाजूला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे. कॅथलिकांचे चर्च, मग तुर्कांची मशीद, मग ऑर्थोडॉक्स चर्च, असा इमारतीचा प्रवास. मिनार कोणी पाडला नाही. समोर झाडाखाली कॉफी मिळते.

आणि एक जागा शांतपणे पाहायची: जुन्या ज्यू वस्तीतले एत्झ हायिम हे प्रार्थनास्थळ. मे १९४४मध्ये जर्मनांनी इथल्या अडीचशेहून अधिक ज्यूंना पकडले. त्यांना घेऊन निघालेली 'तानाइस' ही बोट ९ जूनला ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. आत कोण आहेत हे पाणबुडीला माहीत नव्हते. एका रात्रीत हानियातला तो समाज संपला. वास्तू पडझडीला आली होती, १९९९मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

क्रॉसच्या आकाराचा १९१३चा मोठा झाकलेला बाजारही प्रसिद्ध आहे. तो दुरुस्तीसाठी बरीच वर्षे बंद ठेवला होता, तेव्हा जाण्याआधी उघडा आहे का ते विचारा.

चालत जाता येईल असा समुद्र कोणता?

नेआ होरा. वाळू आहे, पाणी उथळ, शॉवर आणि खाणे जवळ. फोटो काढण्याइतका देखणा नाही, रोज सकाळी डुबकी मारण्याइतका छान आहे. त्याच्या पुढे पश्चिमेला हिर्सी आक्ती, आगिया मरीना असे किनारे शहर बसने गाठता येतात.

कोकणातून गेलेल्याला एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसते. सकाळी टॉवेलापासून पाणी जेवढे दूर, संध्याकाळीही तेवढेच. शिवाय हे पाणी आपल्या अरबी समुद्रापेक्षा खारट, त्यामुळे अंग सहज तरंगते.

एलाफोनिसी आणि बालोस दोन्ही करायचे का?

एकच करायचे असेल आणि बरोबर लहान मुले किंवा वयस्क असतील, तर एलाफोनिसी. हानियापासून साधारण ७५ किलोमीटर. वाटेत तोपोलियाची घळ लागते आणि एकाच गाडीपुरता जुना बोगदा. गुडघाभर पाण्यातून समोरच्या बेटावर चालत जाता येते. वाळूला गुलाबी झाक आहे, ती सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या चुऱ्याची. फोटोत दिसते तेवढी गुलाबी ती नाही, कडेकडेने पट्टे दिसतात. बाटलीत भरून आणू नका, मनाई आहे. सकाळी नऊच्या आत पोहोचा. अकरानंतर तिथे जुहू असते.

बालोस जास्त देखणे आणि जास्त कटकटीचे. गाडीने गेलात तर शेवटचे सुमारे आठ किलोमीटर कच्चा रस्ता, मग वाहनतळापासून पायऱ्या उतरायच्या. परत चढताना सावली नाही. दुसरा पर्याय किसामोसहून सुटणाऱ्या बोटीचा. ती ग्रामवूसा बेटावरही थांबते, वर व्हेनिसचा किल्ला आहे. सिंधुदुर्ग पाहिलेल्याला तटबंदीचे नवल वाटणार नाही, पण वरून दिसणारे पाणी अवाक करते.

गर्दीचा कंटाळा असेल तर फालासार्ना. लांब वाळू, पश्चिमेला तोंड, सूर्यास्त. शेजारी प्राचीन बंदराचे अवशेष आहेत आणि ते आज कोरड्या जमिनीवर आहेत. इसवी सन ३६५च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग कित्येक मीटर वर उचलला गेला. बोटी लागायच्या तिथे आता माती.

हवामान छान असूनही समुद्रात जाऊ देत नाहीत, असे का होते?

वारा. उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो, कधी सलग तीन-चार दिवस. आकाश निळेशार असते आणि उत्तर किनाऱ्यावर लाल बावटा. बावटा लाल म्हणजे पाण्यात जायचे नाही, 'थोडेसेच' वगैरे नाही. अशा दिवशी स्थानिक लोक डोंगर ओलांडून दक्षिणेला जातात. तिकडचे पालेओहोरा हे गाव जमिनीच्या जिभेवर वसले आहे. एका बाजूला वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला गोट्यांचा. एकीकडे लाटा असतील तर दुसरीकडे बहुधा पाणी शांत.

म्हणून किनाऱ्यांचा दिवस आधी ठरवून ठेवू नका. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज पाहा आणि मग ठरवा. पहिल्या खेपेला आम्ही 'मंगळवार बालोस' असे एक्सेलमध्ये लिहून गेलो होतो. मंगळवारी बोटच सुटली नाही.

गाडी भाड्याने घ्यावी का?

दोन-तीन दिवसांसाठी, हो. गावात असताना नको, उभी करायला जागा मिळत नाही. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आरटीओतून काढा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. पहिला तास शेजारी बसलेल्याने 'उजवीकडे, उजवीकडे' असा जप करावा, आमच्याकडे ते काम मुलीने केले. गिअर हाताने बदलायची नसेल तर ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवा.

विम्याची बारीक अक्षरे वाचा. कच्च्या रस्त्यावरचे नुकसान बहुतेक विम्यांत धरत नाहीत. बालोसच्या रस्त्यावर आमच्या गाडीच्या पोटाला दगड लागला आणि त्याचे पैसे खिशातून गेले. चूक आमचीच होती, करारात लिहिले होते.

गाडी नको असेल तर केटेल या बसगाड्या चांगल्या आहेत. उन्हाळ्यात एलाफोनिसीलाही जातात.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उलट. मला वाटते युरोपात शाकाहारी माणसाला इतके सुखाचे ठिकाण कमी असेल.

सकाळी बुगात्सा: पातळ पापुद्र्यांत आंबटसर मिझिथ्रा चीज, वर पिठीसाखर. हानियात १९२४पासून फक्त बुगात्सा विकणारे दुकान आहे. दुपारी डाकोस: जवाची कडक भाजलेली रोटी, तिच्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा आणि ऑलिव्ह तेल. रस मुरला की खायची. बुरेकी ही हानियाची खासियत: झुकिनी, बटाटा, मिझिथ्रा, पुदिना, भट्टीत भाजलेले. होर्ता म्हणजे उकडलेला रानभाजीपाला, वर लिंबू आणि तेल. चाकवत-माठ खाऊन वाढलेल्या सासूबाईंनी ते रोज मागवले. फावा ही पिवळ्या डाळीची चटणीसारखी घट्ट पेस्ट. फोडणी नाही, पण वरणाची भूक भागते.

आता सावधगिरी. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक वर्षात कितीतरी दिवस उपास करतात आणि मेनूवर 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाचे, असा शब्द दिसतो. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. आम्ही आनंदाने 'उपासाचे द्या' म्हणालो आणि समोर ऑक्टोपस आला. रक्त नसलेले सागरी जीव त्यांच्या उपासाला चालतात. सासूबाईंनी ताटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "यांची एकादशी बरी आहे." तेव्हा स्पष्ट म्हणा: 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी, होरीस थालासिना' – मांस नको, मासे नकोत, समुद्रातले काही नको. भात भरलेले टोमॅटो, म्हणजे गेमिस्ता, कधी खिम्याचेही असतात, विचारून घ्या. चीजमधल्या रेनेटबद्दल (दूध गोठवायला वापरतात तो, बहुधा वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) कडक असाल तर डाळी-भाज्यांवर राहा. जैन जेवण मात्र अवघड, कांदा-लसूण सगळीकडे आहे.

मांसाहारी मंडळींनी कोकरू, ग्रिल केलेले मासे आणि धीर असेल तर रोझमेरीत परतलेल्या गोगलगायी.

जेवणानंतर न मागता छोटी बाटली आणतात. पैसे लावतात का?

नाही. ती राकी, क्रीटमध्ये तिला त्सिकुदियाही म्हणतात. द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली, कडक. बरोबर फळे किंवा गोड. पाहुणचार आहे. पीत नसाल तर हसून 'एफ्हारिस्तो', म्हणजे धन्यवाद, म्हणा आणि फळे खा. पावाचे पैसे मात्र बिलात असतात.

आईला पोहता येत नाही आणि स्विमसूट घालायचा नाही. चालेल?

खुशाल. किनाऱ्यावर कोणीही कोणाकडे पाहत नाही, कपड्यांकडे तर नाहीच. फक्त सुती सलवार भिजून जड होते, लवकर वाळणारी लेगिंग आणि बाह्यांचा टॉप द्या. पायात रबरी बूट, कारण खडकांवर काटेरी समुद्री जीव असतात. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक असतो. छत्री-खुर्ची भाड्याने घेतलीच पाहिजे असे नाही, मोकळ्या जागेत चटई अंथरून डबा उघडा.

समारिया घळ जमेल का?

१६ किलोमीटरची उतरण, दगडांवरून, पाच ते सात तास. मे ते ऑक्टोबरच उघडी. १,२०० मीटरहून अधिक उंचीवरून सुरू होते आणि दक्षिणेच्या समुद्रात पाय बुडवून संपते. तिथून रस्ता नाही, बोटच. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड आरामात होत असेल तर हेही होईल. मात्र अर्ध्यातून परत फिरणे म्हणजे चढण, हे लक्षात ठेवा.

हेराक्लिओनजवळचा क्नोसोसचा मिनोअन राजवाडा इथून एका दिवसात?

होतो, पण दमछाक. हेराक्लिओन १४० किलोमीटरवर, बसने जवळपास तीन तास. त्यापेक्षा शेवटची रात्र तिकडे काढा.

ग्रीक येत नाही.

इंग्रजीने भागते. पण एक घोटाळा माहीत असू द्या: 'ने' म्हणजे हो! आणि 'ओही' म्हणजे नाही. मुलीने 'आणखी हवे का' याला मराठी वळणाने 'नेऽऽ' म्हटले आणि आणखी आले. मान वर झटकून 'च्' केले की नकार. आकड्यांत मात्र घरचे वाटते: 'एफ्ता' सात, 'ओक्तो' आठ, 'देका' दहा. सप्त, अष्ट, दश आठवा. आणि आपला 'यवन' हा शब्द 'आयोनियन'वरूनच आलेला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत, ओळख जुनी आहे.

काय विकत आणावे?

ऑलिव्ह तेल पत्र्याच्या डब्यात, थाइमच्या फुलांचा मध, आणि सिफाका रस्त्यावरच्या सुऱ्याकारांकडून सुरी. पात्यावर मान्तिनादा, म्हणजे दोन ओळींचे यमकदार कवन, कोरून देतात. तेल आणि सुरी दोन्ही चेक-इन बॅगेत. चामड्याच्या गल्लीत घासाघीस थोडीच चालते, तुळशीबाग समजू नका.

आणखी काही बारीकसारीक?

कागद कमोडमध्ये टाकू नका, पाइप अरुंद असतात, शेजारच्या डब्यात टाका. कमोडशेजारी हँड शॉवर बहुतेक ठिकाणी नसतो, छोटा प्लास्टिकचा मग बरोबर न्या. आपली तीन पिनची प्लग बसत नाही, अडॅप्टर लागतो. उन्हाळ्यात ग्रीस आपल्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. छोटी दुकाने दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी कधीतरी उघडतात. चितळ्यांच्या गिऱ्हाइकांना हे जड जाऊ नये. आणीबाणीचा नंबर ११२.